मीटरवर न आलेले तास

जुनी गाडी बघायला गेलेली माणसं साधारण एकसारखी वागतात. टायरला हलकीशी लाथ मारतात, दार दोनदा आपटतात, बॉनेट उघडून काही कळत नसताना मान डोलावतात. शहाजी भोईटे यातलं काहीच करत नसत. ते गाडीत जाऊन बसत, चारही काचा वर करायला लावत आणि म्हणत, "दहा मिनिटं मला कुणी हाक मारू नका."

मग विकणारा बाहेर ताटकळतोय, घेणारा बाहेर घड्याळ बघतोय आणि आत हा पांढऱ्या मिशांचा, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला गृहस्थ डोळे मिटून स्वस्थ. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

ही सवय नोकरीतली होती. न्हावा शेव्याच्या एका यार्डात शहाजींनी एकतीस वर्षं रिकामे कंटेनर तपासले. जहाजावरून उतरलेला डबा बाहेरून कितीही रंगवलेला असो, तपासायची रीत एकच. आपण आत जायचं, सोबत्याने बाहेरून दार लावायचं आणि त्या मिट्ट अंधारात उभं राहून बघायचं, कुठून प्रकाशाचा ठिपका येतोय का. ठिपका दिसला की भोक आहे, भोक आहे म्हणजे पाणी शिरणार. अंधारात नाकही जागं होतं. मागच्या फेरीला आत कांदा होता, कातडं होतं की औषधाची पिंपं, ते शहाजी दार उघडायच्या आत सांगत.

निवृत्त होऊन सानपाड्याच्या सोसायटीत ते रिकामेच बसायचे, पण शेजारच्या एकाने जुनी गाडी घेताना त्यांना सहज सोबत नेलं. शहाजी आत बसले, बाहेर आले आणि म्हणाले, "ही गाडी गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. गालिच्याखाली चिखलाचा वास आहे." गालिचा उचलला, तर खाली वाळलेला गाळ. त्या दिवसापासून सोसायटीत कुणाचीही जुनी गाडी शहाजींच्या नाकाखालून गेल्याशिवाय यायची नाही. फी काय, तर चहा आणि मागच्या मालकाची हकिकत. हकिकतीशिवाय ते उठायचेच नाहीत. तो कुठे राहायचा, गाडी सावलीत लावायचा की उन्हात, बायको पुढे बसायची की मागे, सगळं विचारायचे. त्यांचं म्हणणं असं, की आपण गाडी घेत नाही, मागच्या माणसाच्या सवयी घेतो.

"लोकांच्या गाड्या हुंगत फिरता," त्यांची बायको शालन म्हणायची. "एक दिवस कुणीतरी पोलिसात देईल."

अशा या माणसाकडे एका गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरची अक्षता हाटे आली. वय सत्तावीस, फिजिओथेरपिस्ट, बोलणं भरभर.

"काका, फक्त एक नजर टाका. घ्यायचं ठरलंयच तसं. मीनाकाकूंची गाडी आहे."

"ठरलंय तर नजर कशाला?"

"पप्पा बोलले, भोईटेकाकांना विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत."

शहाजींनी तिला बसवलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. पोरीला घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देणाऱ्या एका संस्थेत काम मिळालं होतं. रोज चार पेशंट, ऐरोलीपासून उलव्यापर्यंत पसरलेले. अट एकच, वाहन स्वतःचं. स्कूटर होती, पण जानेवारीत मशिनची बॅग घेऊन ती तुर्भ्याला घसरली आणि लोकांची मनगटं सरळ करणाऱ्या पोरीचंच मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलं. काम सोमवारपासून सुरू. पहिल्या महिन्यात दोन पेशंट चुकले की भाग दुसऱ्याला. गाडीसाठीचे पैसे दोन वर्षं साठवलेले. ही गाडी फसली, तर पुन्हा तेवढेच जमवायला पुन्हा दोन वर्षं आणि काम तर तोवर गेलेलंच.

"आणि काकू अर्ध्या किमतीत देतायत," अक्षता म्हणाली. "मला कसंतरीच वाटतं. पण त्या ऐकतच नाहीत."

त्याला कारण होतं. मीना टिपणीस यांचे यजमान जयप्रकाश दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने आडवे झाले, तेव्हा अक्षताने सहा महिने रोज त्यांना उजवा हात उचलायला शिकवलं होतं. गेल्या दिवाळीत ते गेले. गाडी ते आडवे झाले तेव्हापासूनच कंपाऊंडच्या भिंतीशी उभी होती. विकायचं ठरल्यावर मीनावहिनींनी तिला नवी बॅटरी तेवढी बसवून घेतली होती. बाहेरच्याला द्यायची नाही, असं मीनावहिनींनी ठरवून टाकलं होतं.

खाली गेले, तर वहिनी किल्ली घेऊन आधीच उभ्या. करड्या रंगाची छोटी पेट्रोल गाडी, अकरा वर्षांची, पण अंगावर ओरखडा नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मागच्या बाजूला तसंच. मीटरवर आकडा अकरा हजार सहाशे चाळीस.

"नवीनच की," अक्षता म्हणाली.

शहाजी आत बसले, काचा वर केल्या, डोळे मिटले.

ओल नव्हती. बुरशी नव्हती. डांबराच्या गोळीचा वास होता, कापराचा होता आणि त्याखाली आणखी एक होता. गोडसर, मुळीसारखा, थोडा औषधी. हा वास गाडीत कधीच भेटला नव्हता. हाताने चाचपडलं, तर दाराच्या कप्प्यात एक छोटी डबी. आत ज्येष्ठमधाच्या काड्या.

त्यांनी डोळे उघडले आणि मग त्यांना एकेक गोष्ट दिसायला लागली. क्लचच्या पेडलवरचं रबर जसंच्या तसं, रेघा मोजून घ्याव्यात. पण किल्लीचं भोक झिजून गुळगुळीत. गिअरच्या मुठीवरचे आकडे ताजे, पण एसीच्या बटणावरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले. मागची सीट प्लास्टिकमध्ये आणि पुढची, ड्रायव्हरची, मधोमध खोलगट, रोज कुणी बसल्यासारखी. अकरा हजार किलोमीटरमध्ये सीटला एवढा खड्डा पडत नाही.

ते बाहेर आले. "वहिनी, गाडी इतकी कमी कशी चालली?"

"ह्यांना लांब जायला आवडायचं नाही हो. रविवारी वाशीला भाजी, दसऱ्याला पूजा, वर्षातून एकदा दादरला माझ्या बहिणीकडे. पण जीव फार गाडीवर. रोज सकाळी खाली येऊन सुरू करायचे. म्हणायचे, बॅटरी जिवंत राहते."

"किती वेळ सुरू ठेवायचे?"

"पाच-दहा मिनिटं असेल. मी तेव्हा स्वयंपाकात. मग बाकावर पेपर वाचून वर यायचे."

"पेट्रोलच्या पावत्या आहेत का?"

वहिनींनी डॅशबोर्डचा खण उघडला. जयप्रकाश टिपणीस म्हणजे वीज खात्यात हिशेबाला असलेला माणूस. पावत्या रबरबँडमध्ये आणि प्रत्येकीच्या मागे मीटरचा आकडा, सुरेख अक्षरात. शहाजींनी चष्मा लावला. या महिन्यात एकवीस लिटर, चाललेले किलोमीटर एकशे पाच. पुढच्या महिन्यात वीस लिटर, किलोमीटर शंभर. ते पावत्या मागे-पुढे करत राहिले. वर्ष कुठलंही काढा, तेच.

"लिटरला पाच किलोमीटर," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढं तर आमचे ट्रेलर द्यायचे."

"म्हणजे गाडी पेट्रोल खाते?" अक्षताचा चेहरा उतरला.

"खात असती तर पुस्तकात तक्रार असती. हे पेट्रोल गेलंय कुठे, ते बघायला हवं."

वहिनींनी आवाज एकदम खाली आणला. पाच पावलांवर वॉचमन गंगाराम झाडांना पाणी घालत होता. "काढून घेत असेल का हो कुणी? नळी घालून?"

"दर महिन्याला पंधरा लिटर, नऊ वर्षं? वहिनी, एवढं पेट्रोल काढणारा माणूस आपल्या गेटवर बसेल की स्वतःचा पंप टाकेल?" असं म्हणून शहाजींनी गंगारामलाच हाक मारली. "गंगाराम, इकडे ये. टिपणीससाहेब सकाळी गाडी सुरू करायचे, तू बघायचास ना?"

गंगाराम जुन्या सानपाडा गावातला. पाण्याचा पाइप बंद करून तो शांतपणे आला. "मंग? रोजच्याला. साडेसहाला येयाचे, सव्वासातला जायाचे. इंजिन चालू, काचा बंद."

"पाऊण तास?" वहिनी म्हणाल्या.

"हां. पाऊस असो का कायपन असो. आन् तोंड हालायचा सायबांचा. हातपन. असा." त्याने उजवा हात वर नेऊन हवेत काहीतरी ओढल्यासारखं केलं. "मना वाटला फोनवर बोलतान. पुसनार कोन?"

"फोन वर असायचा," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी चार्जिंगला. माझ्या डोळ्यांसमोर."

गंगारामने हात खाली घेतला. वहिनी गाडीकडे बघत होत्या, पण असं, जसं आपल्याच घरात अनोळखी कपाट दिसावं. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या बाईच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं असेल, त्याची यादी करण्यात अर्थ नाही.

शहाजींनी गाडीचं दार उघडून धरलं. "अक्षता, बस आत. सुरू कर. मी इंजिन ऐकतो."

गाडी एका झटक्यात सुरू झाली. शहाजी बॉनेटवर कान लावून वाकले. आधी इंजिनाचा आवाज आला, बरा होता. आणि मग त्यात एक बारीक गुंजन मिसळलं, सलग, न तुटणारं. "बेल्ट बोलतोय," ते म्हणाले. कान थोडा उजवीकडे नेला. "नाही, बेअरिंग असेल. आल्टरनेटरचं. फार गोड बोलतंय पण."

"काका," अक्षताने काच खाली केली. आवाज एकदम मोठा झाला. "हा तानपुरा आहे. स्टिरिओला पेन ड्राइव्ह लावलाय, आपोआप सुरू झाला."

तीन माणसं त्या करड्या गाडीभोवती उभी, चौथी आत आणि तानपुरा वाजतोय. नाटकात असा प्रवेश लिहिला, तर लोक म्हणतील, जुळवून आणलंय.

वहिनींनी दाराला हात धरला. "काळी दोन," त्या म्हणाल्या. "हा त्यांचा सूर."

मग त्यांनी आपणहोऊन सांगितलं. लग्नाआधी जयप्रकाश गायचे, गिरगावात एका मास्तरांकडे चार वर्षं शिकलेले. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वहिनींच्या मावसभावाच्या लग्नात लोकांनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी एक नाट्यपद धरलं. वरच्या जागेला आवाज फाटला. "आणि मला हसू आलं हो. तसं काही वाईट मनात नव्हतं. पण मी हसले, म्हणून सगळी बायकांची ओळ हसली. ते पुढे कधी गायले नाहीत. मला वाटलं, आवड संपली असेल."

त्यांनी हात पुढे केला. अक्षताने गाडी बंद करून किल्ली दिली.

"उद्या बघू," वहिनी म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

"काकू आता गाडी देणार नाहीत," अक्षता हळूच म्हणाली. "आणि मलापण मागायला जमणार नाही. सोमवारी काय करू मी?"

शहाजींच्या मनात दुसरंच चाललं होतं. त्यांनी बोटांवर मोजलं. "रोज पाऊण तास. महिन्याला वीस-बावीस तास. नऊ वर्षं. म्हणजे दोन हजार तासांच्या वर इंजिन जागेवर चाललंय. मुंबईच्या रस्त्यावर दोन हजार तासांत गाडी साठ हजार किलोमीटर कापते."

"मग मीटर खोटा?"

"मीटर खरा. तो चाकं मोजतो. इंजिन कोण मोजणार?" ते बॉनेटकडे वळले. आता मात्र त्यांनी ते उघडलं. तेलाची पट्टी बाहेर काढून फडक्यावर पुसली. फडकं डांबरासारखं काळं झालं आणि त्याला पेट्रोलचा वास होता. मग सर्व्हिसचं पुस्तक उघडलं. पहिल्या वर्षीचा शिक्का आणि त्यानंतर एकदम नवव्या वर्षी, दहा हजार किलोमीटरला. मधली पानं कोरी.

"हे बघ. पुस्तक म्हणतं, दहा हजाराला तेल बदला. टिपणीस नियमाचे पक्के. दहा हजार होईपर्यंत थांबले. वर्षाची अट खाली बारीक अक्षरात आहे, ती कोण वाचतो? आपल्याकडे सगळे किलोमीटरच बघतात. तेवढ्यात इंजिनाने तेच तेल आठ वर्षं उकळलं."

"मग घ्यायची की नाही?"

"मला अजून माहीत नाही," शहाजी म्हणाले आणि ते खरं होतं. गिअर, क्लच, सस्पेन्शन सगळं कोरं आणि इंजिन पाऊण लाख चाललेलं, तेही जुन्या तेलावर. अशी गाडी त्यांच्याही पाहण्यात आली नव्हती.

घरी येऊन त्यांनी शालनला सगळं सांगितलं. शालन भाजी निवडत होती. "मग सांगून टाका ना पोरीला, नको घेऊ म्हणून."

"आणि वहिनींना काय सांगू? तुमचा नवरा गायला म्हणून गाडी गेली?"

"तुम्ही गाडी बघायला गेलात की वहिनींना?" शालन म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ते गॅलरीत चहा घेत होते. खाली बघतात, तर साडेसहाच्या सुमाराला मीनावहिनी गाडीत बसलेल्या. ड्रायव्हरच्या सीटवर, काचा बंद, इंजिन बंद. गंगाराम बादली घेऊन मुद्दाम दुसऱ्या टोकाला गेला होता. अर्ध्या तासाने वहिनी बाहेर आल्या, वर बघितलं आणि शहाजी दिसले, तशी त्यांनी हात केला. "भावजी, अक्षताला उठवा. फिरवून बघू गाडी. मीपण येते."

गाडीत बसताना अक्षताने न राहवून विचारलं, "काकू, तुम्हाला ठेवायची असेल तर..."

"ठेवून काय करू गं? मला चालवता येत नाही. आत बसून बघितलं, गुदमरायला झालं. त्यांना एसी लागायचा, ते बरोबर आहे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू चालव. अकरा वर्षांत या गाडीने मी बेलापूर ओलांडलेलं नाही."

पाम बीच रोडला गाडी लागली. सुरुवातीला ब्रेक कुरकुरले, गंज होता तो उडून गेला. क्लच लोण्यासारखा. अक्षताच्या खांद्यातला ताण उतरत गेला. वहिनी मागच्या सीटवर प्लास्टिक चुरचुरवत खाडीकडे बघत होत्या. शहाजी मात्र फक्त समोरच्या काट्यांकडे बघत होते. बेलापूर गाठलं, वळसा घातला, परतीला लागले. इंजिन आता चांगलं तापलं होतं. नेरूळच्या सिग्नलला गाडी थांबली आणि डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचं लाल चित्र एकदा लुकलुकलं. पुन्हा लुकलुकलं.

"दिसलं?" शहाजींनी विचारलं.

"दिसलं." अक्षताचा आवाज एवढासा.

"सिग्नल सुटला की डावीकडे घे आणि इंजिन बंद कर. आता हिला चालवायची नाही."

कडेला थांबल्यावर वहिनींनी पुढे वाकून विचारलं, "काय झालं?"

इथे शहाजींना एक मिनिट लागलं. यार्डात डबा नापास करताना खडूने फुली मारायची आणि पुढे जायचं, एवढंच काम असे. डब्याची बायको मागच्या सीटवर बसलेली नसे.

"वहिनी, आत तेल पोचत नाहीये. जुन्या तेलाचा गाळ बसलाय, त्याने तेल ओढायची जाळी तुंबलीय. किती आत नुकसान झालंय, ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. कदाचित इंजिन गेलंही असेल."

"म्हणजे ह्यांनी खराब केली."

"त्यांनी पुस्तकात लिहिलंय तसंच केलं. उभ्या गाडीत कुणी रोज पाऊण तास गाईल, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं."

वहिनी मागे टेकल्या. "आणि घरात गायले असते," त्या म्हणाल्या, "तर इंजिन चांगलं राहिलं असतं." त्यांनी हे रडत म्हटलं नाही. एखादा हिशेब अखेर जुळावा, तसं म्हटलं.

जुईनगरचा रणजीत गॅरेजवाला शहाजींच्या ओळखीचा. त्याने येऊन दोरी बांधली आणि टोचन करून गाडी नेली. दुपारपर्यंत ती त्याच्याकडे उचलून धरलेली होती आणि खालचं तेलाचं चेंबर उघडलेलं. तिघंही तिथेच स्टुलांवर बसली होती. रणजीतने चेंबर त्यांच्यासमोर आणून ठेवलं.

"काका, हा शिरा बघा. साजूक तुपातला." आत दोन बोटं जाड काळा गोळा होता. जाळीची भोकं दिसतच नव्हती. "आणखी महिनाभर चालवली असती, तर वाशीच्या पुलावर इंजिन जाम. मग मला फोन करायचा नाही, भंगारवाल्याला करायचा."

"बेअरिंग?"

"आता तेच काढतो."

अक्षता उभी राहिली. रणजीतने खालच्या बाजूची टोपी खोलून अर्धगोल बेअरिंग काढलं आणि वर इंजिनाचा फिरता दांडा, क्रँक, फडक्याने पुसला. त्यावर त्याने स्वतःचं नख आडवं फिरवलं, चेहऱ्यावर काही न दाखवता. शहाजींनी खाली सरकून फिरवलं. मग त्यांनी अक्षताला बोलावलं.

"तू फिरव. तुझी बोटं आमच्यापेक्षा शहाणी. तेल पोचलं नाही की दांड्यावर चरे पडतात. नख अडकलं, तर इंजिन गेलं. नाही अडकलं, तर वाचलं."

ती चटईवर आडवी झाली. लोकांच्या पाठीतला एकेक मणका शोधणारं बोट त्या चकचकीत लोखंडावरून एकदा गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. वहिनी स्टुलावरून उठल्या होत्या.

"अडकतंय?" शहाजींनी विचारलं.

"नाही," गाडीखालून आवाज आला. "नाही अडकत. गुळगुळीत आहे, काका."

"मग वाचलं," रणजीत म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत धुऊन, नवीन जाळी टाकून देतो. बेअरिंग नवीनच टाकू, उघडलंय तर. टायरपण बदला. नक्षी कोरी दिसते, पण ही तारीख बघा. अकरा वर्षांचं रबर आहे, दहावी पास होऊन बसलंय."

खर्चावरून अक्षता आणि वहिनी यांची चांगलीच जुंपली. वहिनी म्हणत होत्या, गाळ आमच्या घरातला, पैसे आम्ही देणार. अक्षता म्हणत होती, अर्ध्या किमतीत घ्यायची आणि वर दुरुस्तीपण तुम्हीच करायची, तर मलाच फुकटची पेशंट म्हणून नोंदवा. शेवटी इंजिन वहिनींचं, टायर अक्षताचे, असं ठरलं. ठरल्यावर वहिनींनी उठून गाडीतून पेन ड्राइव्ह काढला आणि पदराच्या टोकाने पुसत विचारलं, "हा टीव्हीला लागतो का गं?"

"लागतो काकू. मी लावून देते."

शहाजींनी अक्षताला बाजूला घेतलं. "आता नीट ऐक. ही गाडी अकरा हजार चाललेली नाही. पंचाहत्तर हजार चाललेली आहे, असं समजून वाग. तुझं रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर होईल, लिटरला चौदा-पंधरा देईल. एसी लावून सिग्नलला उभी राहशील, तेव्हा कमी. तेल पहिल्यांदा महिन्याने बदल, आतला उरलेला गाळ सुटून येईल. पुढे दर सहा महिन्यांनी. मीटरकडे बघायचं नाही, कॅलेंडरकडे बघायचं. एसी या गाडीचा फार राबलाय, तो आधी दगा देईल, त्याची तयारी ठेव. चार वर्षांनी पंधरा पुरी होतील, तेव्हा पासिंगचा खर्च येईल. तोपर्यंत हिने तुला नेलं-आणलं पाहिजे."

"नेईल ना, काका?"

एरवी शहाजी या प्रश्नाला "बघू" म्हणत. "मी असतो, तर घेतली असती," ते म्हणाले. आजवर त्यांनी कुणालाही असं म्हटलं नव्हतं. इतरांच्या गाड्या फसल्या, तर चार दिवस टोमणे खावे लागत. ही फसली, तर पोरीची दोन वर्षं जात होती.

सोमवारी सातला गाडी गेटबाहेर पडली. पहिला पेशंट ऐरोलीला आठ वाजता, दुसरा कोपरखैरण्याला, मग थेट उलवे, साडेअकराला. शहाजींनी फोन समोर ठेवून पेपर उघडला. तीच बातमी तीनदा वाचली. आपण फोन करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. गाडी चालत असेल तर ती फोन करणार नाही, बंद पडली तरच करेल. म्हणजे न वाजणारा फोन ही चांगली बातमी. नऊ वाजले, दहा वाजले.

"चहा गार झाला," शालन म्हणाली.

"होऊ दे."

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. अक्षता. शहाजींनी पेपर टाकून तो उचलला.

"कुठे आहेस? कडेला घेतलीस का? इंजिन बंद कर आधी."

"काका, ऐका ना. मी उलव्यात पोचलेय, बिल्डिंगखालीच आहे. पण आत वॉचमन बाहेरची गाडी सोडत नाही आणि रस्त्यावर सगळीकडे डंपर लागलेत. दहा मिनिटं राहिलीत. तुम्ही यार्डात असताना इकडे यायचात ना, कुठे लावू मी गाडी?"

शहाजी खुर्चीत मागे टेकले. चालत्या गाडीच्या माणसालाच पडणारी ही काळजी होती.

"टेन्शन घेऊ नको," ते म्हणाले. "मला सांग, तुझ्यासमोर पाण्याची टाकी दिसतेय का? तिच्या मागच्या गल्लीत जा. सावली बघून लाव."